थोरल्याची समाप्ती

१३ मार्च, सोमवार

काल पुरीम सणाच्या जेवणात मी उभा राहून जाहीर केलं की यंदाची समाप्ती मी करणार. टाळ्या पडल्या. वायलेट म्हणते टाळ्या नव्हत्या, सेलमान टेबलावर पत्ते आपटत होता. बायकांना वातावरण कळत नाही.

दरवर्षी हे काम आमचे धर्मगुरू हखाम मुराद करायचे. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, मुलीकडे हैफाला गेले. आता रमात गानच्या या अख्ख्या गल्लीत दुसरा माणूस कोण?

मुद्दा साधा आहे. मिसर देशात एका रात्रीत घरोघरचे थोरले मुलगे मेले आणि आमचे, यहुद्यांचे, वाचले. म्हणून पेसाह सणाच्या आदल्या दिवशी आम्ही थोरल्यांनी उपास धरायचा, पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत. पण त्या सकाळी कुणी तालमूदचा, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राचा, एखादा खंड वाचून संपवला आणि शेवटची ओळ सगळ्यांनी ऐकली, तर मेजवानी करावीच लागते. मेजवानीचा घास तोंडात गेला की उपास सुटला. आमच्या सिनेगॉगमध्ये तीसेक थोरले आहेत, म्हणजे तीस पोटं यंदा माझ्या हातात. हे लिहून ठेवतो, कारण वायलेटला लग्नापासून सांगतोय तरी ती विचारते, "मग सरळ उपासच का करत नाही?" ती माहेरी भावंडांत सहावी. तिला काय कळणार.

विमा कंपनीत जन्मभर लोकांचे क्लेम तपासले. बारीक अक्षर कसं वाचायचं ते मला कुणी शिकवू नये.

खंड निवडला: बावा बत्रा. सगळ्यात जाड तोच. उद्यापासून.

१४ मार्च, मंगळवार

सुरुवात झाली नाही. टेबल हलतं. वायलेटला पायाखाली पुठ्ठा घालायला सांगितलं. ती पडदे काढत होती. म्हणाली, पुठ्ठा तुझ्या हाताशीच आहे. होता. पण मुद्दा तो नव्हता.

१५ मार्च, बुधवार

सुरुवात. आनंदाची गोष्ट: हा खंड छापतानाच दुसऱ्या पानापासून सुरू होतो. म्हणजे एक पान आपोआप झालं.

विषय: दोन भागीदारांना सामाईक अंगणात भिंत घालायची आहे. खर्च कुणाचा, जागा कुणाची. चांगला विषय, पण मुळात क्लेम कुणी केला तेच धड लिहिलेलं नाही. मी असतो तर फाइल परत पाठवली असती.

अर्धं पान. मग डोळ्यांना विश्रांती.

१९ मार्च, रविवार

भिंत अजून तिथेच आहे.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की सणाच्या सकाळी लोकांना भिंतींची भांडणं ऐकवणं बरं नाही. प्रसन्न काहीतरी हवं. मगिल्ला घेतो. पुरीमबद्दलच आहे, पुरीम नुकताच झालाय, आठवणी ताज्या आहेत. शिवाय बराच बारीक खंड आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.

वायलेट पेसाहच्या साफसफाईत बुडालेली. माळ्यावरची पेसाहची, वर्षभर पावाचा कण न लागलेली भांडी काढून दे म्हणाली. म्हटलं, उघड्या खंडासमोरून माणसाला उठवणं आपल्यात शोभत नाही. म्हणते, "खंड उघडा आहे, डोळे मिटलेले आहेत." मी मनन करत होतो.

२१ मार्च, मंगळवार

पेताह तिक्वाहून गिदोनचा फोन. गिदोन म्हणजे आमच्या मुलीचा, ओरनाचा नवरा, कॉम्प्युटरमध्ये कायतरी करतो. तोही थोरला. त्याचा कुठलासा खंड पेसाहच्या सुमारास संपतोय म्हणे. "बाबा, तुमची हरकत नसेल तर आपण दोघं मिळून करू. अर्धं ओझं माझ्यावर टाका."

मी हसलो. हा मुलगा वाचायला बसला की प्रत्येक शब्दाला सलाम करून पुढे जातो. त्याच्या लग्नात त्याने नुसता करारनामा वाचला तर सूप गार झालं. म्हटलं, गिदोन, लोकांना उपास सोडायचाय, धरायचा नाहीये. तो "बरं" म्हणाला. वायलेटने ऐकलं. म्हणाली, "तुझ्याशी गोड बोलणारा घरात तेवढा एकच उरला होता."

माणसाला त्याची पातळी दाखवणं हा प्रेमाचाच प्रकार आहे.

२३ मार्च, गुरुवार

सेलमान आला होता. सिनेगॉगचा कारभारी, त्यामुळे काळजी करणं त्याचा धंदा. कुठवर आलंय विचारलं. म्हटलं, जोरात. खाली मान घालून म्हणाला, पलीकडच्या गल्लीतल्या येमेनी लोकांकडेही समाप्ती असते, सकाळी सहालाच. एखादी सोय हाताशी असलेली बरी, नाही का? मी ठणकावून सांगितलं की आपला एकही माणूस त्या दारात पाय ठेवणार नाही. आपल्याकडे मी, हेस्केल, असताना?

"बरं, अयूनी," म्हणाला, म्हणजे आमच्या अरबीत 'लाडक्या'. त्याचं समाधान झालंय. चेहऱ्यावरच दिसत होतं. जाताना मात्र दारात वायलेटशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. तिच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल असणार.

२६ मार्च, रविवार

तांदूळ. वायलेट आणि तिची बहीण गुर्जिया खिडकीशी ताटं घेऊन बसल्या. सणात गव्हाचं काही चालत नाही, म्हणून पेसाहचा तांदूळ तीनदा निवडायचा, गव्हाचा एक दाणा राहता कामा नये. कबूल. पण तो आवाज! ताटातला तांदूळ खुळखुळला की माझी ओळ हरवते. म्हटलं स्वयंपाकघरात जा, दार लावून घ्या. गुर्जिया म्हणाली तिथे उजेड नाही. म्हटलं ट्यूब लावा. वायलेट ताट उचलून गेली. गुर्जिया उठली नाही, माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माझा नवरा तांदूळ निवडायचा. मेला बिचारा."

मी पान उलटलं.

मगिल्ला: पान चौथं. छापील दुसऱ्यापासून धरलं तर तिसरं. मी चौथं धरतो.

२८ मार्च, मंगळवार

आज वाचन खरोखर रंगलं होतं. दुपारी स्वयंपाकघरातून मोठा आवाज आला. आधी धप्प, मग भांडी. मग काहीच नाही.

ओळ अर्ध्यावर होती. ओळ अर्धी सोडू नये असं माझं मत आहे, म्हणून पूर्ण केली. अर्थ लागला नाही म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. मग गेलो.

वायलेट जमिनीवर. माळ्याचं दार उघडं, पेसाहची पातेली सगळीकडे. स्टुलाचा एक पाय बाजूला निघालेला. ते स्टूल मीच दुरुस्त करणार होतो, पण ती डिसेंबरातली, हनुक्का सणाच्या वेळची गोष्ट. उजवं मनगट जसं असतं तसं नव्हतं. मी सवयीने विचारलं, आधी स्टूल घसरलं की आधी तू? घटनाक्रम नंतर आठवत नाही, ताजा असतानाच विचारावा लागतो. ती छताकडे बघत म्हणाली, "अँब्युलन्स."

दवाखान्यात फार वेळ मोडला. खंड बरोबर नेला होता, म्हणून वेळ फुकट गेला नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर. नर्सने मला विचारलं, तुम्ही कोण? रब्बी?

थोडं बरं वाटलं.

२९ मार्च, बुधवार

वायलेट झोपून. बोलत नाही. औषधांनी असं होतं. मी चहा केला. साखर कुठे असते ते सापडेना. विचारलं तर उत्तर नाही, मग बिनसाखरेचाच दिला.

संध्याकाळी एकच वाक्य बोलली. "मी खाली पडून ऐकत होते. तू ती ओळ दोनदा वाचलीस."

मी नीट समजावून सांगितलं की पहिल्यांदा अर्थ लागला नव्हता.

"दुसऱ्यांदा लागला?"

पूर्ण नाही, म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

३१ मार्च, शुक्रवार

ओरना गाडी घेऊन आली आणि वायलेटला घेऊन गेली. दोन बॅगा. म्हटलं शनिवारच्या शब्बाथसाठी दोन बॅगा? ओरना म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला हवी तेवढी शांतता मिळेल."

गहिवरून आलं. या मुलीला माझ्या अभ्यासाची किंमत आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना वायलेटने डाव्या हाताने दार ओढून घेतलं. डाव्या हाताला जोर बेताचा, त्यामुळे जरा आपटलं.

२ एप्रिल, रविवार

शांतता आहे. अडचण ही की शांततेत फ्रिजचा आवाज येतो. फ्रिज उघडला तर थांबतो. आत अर्धी बाटली आंब्याचं लोणचं आणि एक लिंबू. शब्बाथ लोणचं-पावावर काढला.

मगिल्लाबद्दल पुन्हा विचार केला. पुरीम होऊन गेला. शिळा विषय. तामीद घेतो. तामीद आकाराने अगदीच लहान, पण मोठ्या माणसांनी लहान गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यामुळेच जगात गोंधळ झालाय. मंदिरातली रोजची पूजा, पुजारी पहाटे कसे उठायचे, राख कशी काढायची. शिस्तीचा विषय. माझ्यासाठीच लिहिलाय.

४ एप्रिल, मंगळवार

पुजारी उठलेत. पुढे गेलो नाही.

घराची साफसफाई सुरूच झालेली नाही. एकट्या माणसाचं घर मळत नाही असं वाटलं होतं. पेसाहची पातेली त्या दिवसापासून जमिनीवर होती, ती उचलून मी पावाच्या डब्याशेजारी ठेवली. आता ती चालतात की नाही? ताटल्या कुठायत हे विचारायला वायलेटला फोन केला. ती म्हणाली, "माळ्यावर. स्टूल घे."

आणि फोन ठेवला. पूर्वी ती फोन ठेवताना 'बरं' तरी म्हणायची.

६ एप्रिल, गुरुवार

आज सगळं सुटलं! सकाळी दाढी करताना लक्षात आलं: समाप्ती म्हणजे शेवट. लोक शेवटची ओळ ऐकायला येतात. सुरुवात झाली होती का, मधलं काय झालं, हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. हखाम मुरादांनाही नाही. म्हणजे शेवटचं पान उत्तम तयार करायचं, बस. इतके दिवस उगाच टेन्शन घेतलं.

शेवटचं पान काढलं. छोटं आहे.

मेजवानीसाठी गुर्जियाला फोन केला. चाळीस सांबूसक, म्हणजे आमचे चीज भरलेले समोसे. ती म्हणाली, "माझ्या हातून तुला चाळीस पाहिजेत?" आणि मग जे बोलली ते लिहीत नाही. बेकरीतून ऑर्डर दिली.

सिनेगॉगच्या ग्रुपवर टाकलं: "सोमवारी सकाळी सहा. वेळेवर. पोट रिकामं ठेवून या. हेस्केल." एकच अंगठा आला, हैफाहून, हखाम मुरादांच्या मुलीचा. बाकीचे कामात असतील.

८ एप्रिल, शनिवार, शब्बाथ संपल्यावर

सिनेगॉगमध्ये आज मोठा मान. येणारा-जाणारा खांद्यावर थाप मारत होता. काहींनी जरा जोरात मारली. शेजारच्या बाकावरच्या नाजीने विचारलं, "कुठला खंड?" म्हटलं ऐकशील तेव्हा कळेल. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही तेव्हाच." विनोदी माणूस आहे, फार मनावर घेत नाही.

सेलमानला विचारलं किती जण येतील. "अरे, सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव आहे." मग त्याने सिनेगॉगची किल्ली माझ्या हातात ठेवली. उघडायला तूच ये म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने ती किल्ली स्वतःच्या मुलाला दिलेली नाही.

९ एप्रिल, रविवार

घर सणाला तयार. घरातला पाव, बिस्किटं, शेवया, सगळं गोळा करून वायलेटच्या कपाटात कोंबलं आणि कुलूप लावलं. दिसत नाही म्हणजे नाही. तिच्या कपाटात बरीच जागा होती. हिवाळ्याचे कोटही नेलेत तिने. पेताह तिक्वाला अजून गारवा असेल.

शेवटचं पान आरशासमोर वाचलं. आवाज भारदस्त. दोन ठिकाणी अडलो, तिथे खोकायचं ठरवलं.

उद्या संध्याकाळी सेदेर, म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्रीचं जेवण, ओरनाकडे. वायलेटची वेगळी समजूत काढायची गरज पडणार नाही. सकाळची बातमी तोवर पोचलेली असेल.

१० एप्रिल, सोमवार, दुपार

क्रमाने लिहितो.

उजाडायच्या आत सिनेगॉग उघडलं. टेबलावर पांढरी चादर, सांबूसक, अराकची बाटली. खंड मध्यभागी. सहा वाजले. कुणी नाही. सणाची धावपळ, समजू शकतो. आणखी थोडा वेळ. म्हातारा फुआद आला. तो थोरला नाही, त्याला ऐकूही येत नाही. रिकाम्या बाकांकडे आणि सांबूसकांकडे पाहून तो म्हणाला, "कोण गेलं?"

दहा माणसं जमल्याशिवाय समाप्तीनंतरची प्रार्थना म्हणता येत नाही. माणसं बघायला गल्लीत आलो. पलीकडच्या गल्लीतून गाण्याचा आवाज येत होता. टाळ्याही. या टाळ्याच होत्या.

येमेनी लोकांच्या खिडकीतून पाहिलं. आत आमचे सगळे. सेलमान, नाजी, बेकरीवाला, ज्याने कालच मला चाळीस सांबूसक विकले तो. आणि मध्ये उभा राहून खंडाची शेवटची ओळ वाचत होता गिदोन. पेताह तिक्वाहून पहाटे निघून आला असणार. प्रत्येक शब्दाला सलाम करत. आणि कुणीही घड्याळ बघत नव्हतं. ओळ संपली तेव्हा नाजीच्या डोळ्यांत पाणी होतं. नाजीच्या!

मग सगळे ताटांवर तुटून पडले. सेलमानला मी दिसलो. त्याला लाज वाटायला हवी होती. त्याने ताट वर करून हाक मारली, "हेस्केल! आत ये, अयूनी, एक घास खा, तुझाही उपास सुटेल!" गिदोन तर बाहेरच आला. माझ्या दंडाला धरून म्हणाला, "बाबा, चला ना. सेलमाननेच विचारलं होतं मला. तुम्हाला सांगायचं होतं, पण आई म्हणाली, सांगून काय उपयोग, ते ओळ संपेपर्यंत ऐकत नाहीत."

एक पाऊल आत टाकलं असतं तर झालं होतं. मी म्हटलं, मी समाप्ती करतो, ऐकायला जात नाही.

आणि वळलो. पाठ ताठ ठेवली होती, ते सगळ्यांनी पाहिलं असेल.

आता उपास मलाच. अख्ख्या गल्लीत मला एकट्याला. शिवाय सांबूसक गव्हाच्या पिठाचे. आजची ठराविक वेळ टळली की असलं काही घरात ठेवता येत नाही, जाळावं लागतं. पटांगणातल्या पिंपात सगळे आपापले पावाचे तुकडे जाळायला आले होते, भरल्या पोटाने, दात कोरत. मी चाळीस सांबूसक एकेक करून टाकले. चीज वितळलं. असा वास मी आयुष्यात घेतलेला नाही. नाजी शेजारी उभा होता. म्हणाला, "घे, घे. वासाने उपास मोडत नाही."

कपाटातलं जाळायचं राहिलं. आता वेळ टळली. कुलूप आहे.

डोकं दुखतंय. ओरनाचा फोन आला होता, सातला या, काही आणू नका. वायलेटने माझी चौकशी केली का, असं मी विचारलं. ओरना म्हणाली, आई भात करतेय. एका हाताने.

याचा अर्थ हो असाच घ्यायचा.

११ एप्रिल, मंगळवार, सण संपल्यावर

सेदेरला गेलो. टेबलाच्या टोकाला सेदेर चालवणाऱ्याची उशी लावलेली मोठी खुर्ची होती. मी तिच्याकडे निघालो तेव्हा गिदोन तिच्यात बसलेला होता. तो उठायला लागला. वायलेट म्हणाली, "बस तू." ते मलाच म्हटलं असं वाटून मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. नंतर कळलं, ती त्याला म्हणाली होती.

वायलेट समोरच्या टोकाला. प्लास्टरवर नातीने फुलं काढलीत. वायलेट बरी दिसते. केस कापलेत. डाव्या हाताने सगळ्यांना बशा देत होती, सफाईने. माझी बशी ओरनाने दिली.

दिवसभराच्या रिकाम्या पोटी पहिला वाइनचा प्याला. टेबल जरा दूर गेलं.

मग आपला बगदादी रिवाज. मात्झाचा, म्हणजे सणाच्या बिनखमिराच्या भाकरीचा, अर्धा तुकडा फडक्यात बांधून एकाच्या खांद्यावर द्यायचा, त्याने दाराबाहेर जायचं, ठोठावायचं, आतल्यांनी विचारायचं. नात हे करायची, ती कोचावर झोपून गेली होती. ओरना म्हणाली, "बाबा, तुम्ही जाता?" मी लगेच उठलो. म्हणजे अजून घरात मुख्य भूमिका कुणाची? ओरनाने गाठोडं खांद्यावर बांधलं. दार मागे लागलं. जिन्यात भाताचा वास. दार ठोठावलं.

आतून सगळे एकदम: "कुठून आलास?"

"मिसरमधून!" आवाज भारदस्त आला.

"कुठे चाललास?"

"जेरुसलेमला!"

इथे दार उघडतात. उघडलं नाही. आतून वायलेटचा आवाज, अगदी स्पष्ट:

"मग जा."

आत हशा फुटला. गिदोनचा, ओरनाचा, कुणा पाहुण्यांचा, आणि सगळ्यांवर वायलेटचा. तिला इतकं हसताना मी कधी ऐकलं होतं ते आठवत नाही. मीही हसलो. आत ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने. जिन्यातला दिवा आपोआप विझतो, तो विझला. बटण कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.

विनोद होता. आज दिवसभर तसंच लिहायचं ठरवलं होतं.

पुन्हा ठोठावलं, जरा हळू. दार ओरनाने उघडलं. तोवर आत सेदेरच्या पोथीचं वाचन सुरू झालं होतं. कुठल्या पानावर आहेत ते कुणी सांगितलं नाही.